धरून ठेवलेली चावी

एका कबरीच्या दगडावर मी व्हिनेगर ओतलं आणि तारेच्या घासणीने तो खसाखसा घासला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तोसबाईंबद्दल लिहिताना काही शहाणपणाचं वाक्य आलं तर ते कुणाचं याचा घोळ व्हायला नको. शहाणपण त्यांचं, घासणी माझी.

तेव्हा मी जेमतेम बासष्ट वर्षांची होते. त्या वयात बाईला आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं. त्यात मी पुण्यातल्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झालेले. चुनखडीवर आम्ल टाकलं की काय होतं, हे आठवीच्या पोरांना मी दरवर्षी परीक्षानळीत दाखवायची. "बुडबुडे का आले, सांगा बघू," असं विचारायची आणि ज्याला सांगता यायचं नाही त्याला तास संपेपर्यंत उभं करायची. आणि हीच विदुषी हॉलंडमधल्या एका खेड्यात, शेजारी बादली ठेवून, मऊ पिवळ्या चुनखडीच्या दगडापुढे फतकल मारून बसली होती. व्हिनेगर पडल्यावर दगडातून बारीक फेस आला. मला वाटलं, वा, मळ निघतोय.

शिवाय तिथल्या बऱ्याच दगडांच्या माथ्यावर कुणीतरी लहान लहान गोटे ठेवलेले होते. गावातल्या पोरांचा वात्रटपणा, असं मी मनाशी ठरवलं. ते सगळे गोळा करून कडेला टाकले, त्यातले पाच छान गोल निवडून घरी आणले आणि त्यांवर माझ्या नातीला, ईराला, सागरगोटे शिकवायला बसले. ज्यू माणसं कबरीवर फुलं वाहत नाहीत, भेटायला आलेला माणूस जाताना एक दगड ठेवून जातो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसेल तिथे हात लावू नये, हे तर त्याहून ठाऊक नव्हतं.

त्या फेसाबरोबर एक नाव वाहून गेलं. दगडाच्या अगदी तळाशी, शेवटच्या ओळीत कोरलेलं. सात-आठ वर्षांच्या एका मुलीचं नाव होतं ते. तिला स्वतःची कबर कुठेच नव्हती. तिच्या आजीच्या दगडावरची ती एक ओळ, एवढीच.

तो दगड तोसबाईंच्या घरामागच्या ज्यू दफनभूमीत होता. माझा मुलगा मंदार आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो. घर मात्र त्याने न्यूनेनच्याही पलीकडे एका खेड्यात घेतलंय, कारण तिथे बाग मिळते. मी दरवर्षी उन्हाळ्यात जाते. व्हिसाच्या हिशोबाने मला तिथे वर्षातले तीनच महिने माणूस मानतात. पहिल्या वर्षी मी काय करावं, तर पुण्याहून बॅगेतून सोऱ्या नेला, गव्हाचा चीक शिजवला आणि हिरवळीवर चादर अंथरून कुरडया घातल्या. कुंपणापलीकडून एक डोकं वर आलं. पांढरे आखूड केस, अंगात पुरुषी कोट, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिने कुरडयांकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "बाई, हे ऊन नाही. हे उन्हाचं चित्र आहे."

कुरडया वाळायला पाच दिवस लागले. पाचही दिवस त्या बाईने आपल्या अंगणात खुर्ची टाकून कावळ्यांवर पहारा दिला. शेवटी मी तळून नेऊन दिल्या, तर एक तोंडात टाकून म्हणाली, "एवढी खटपट करून हातात आलं काय, कुरकुरीत हवा. पण हवा चांगली आहे." मग तिने आपलं नाव सांगितलं, तोस. मी मनात तिला तोसबाई म्हणायला लागले. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या आणि लग्न न केलेल्या. मला त्या पहिल्यापासून 'सुमा' म्हणत. सुमनमधला शेवटचा 'न' त्यांना अनावश्यक वाटे. माझं सगळं डच त्यांच्याकडून आलेलं, म्हणजे त्या भागातल्या शेतकऱ्यांचं. मी निरोप घेताना 'हौडू' म्हणते तेव्हा मंदारच्या ऑफिसातली माणसं हसतात आणि ईरा मान खाली घालते.

चार दिवसांनी त्या मला घरामागे घेऊन गेल्या. ओकच्या झाडांमधून एक पायवाट, टोकाला बुटकं लोखंडी फाटक. कोटाच्या खिशातून त्यांनी एक मोठी गंजकी चावी काढली आणि ती कुलपात घालायच्या आधी फाटकावर दोनदा वाजवली. टण टण. मग क्षणभर थांबल्या. मी विचारलं, आत कोण आहे?

"सगळे आहेत," त्या म्हणाल्या. "पडलेल्या माणसाला एकदम दचकवू नये."

आत तीसेक दगड असतील. काही तिरके झालेले, काही मातीत गुडघाभर खचलेले. एकाला झाडाच्या मुळाने असं उचललं होतं, की कुणी पांघरुणाखालून उठून बसतंय. एका बाजूच्या हिब्रू अक्षरांचं वळण आपल्या ओळखीचं नाही, दुसऱ्या बाजूला साधी डच अक्षरं. कित्येकांवर तीही उरली नव्हती. तोसबाईंनी एका दगडावरून बोट फिरवलं, ते मला दाखवलं. बोटावर पिवळे कण होते. "साखर झालीये त्याची," त्या म्हणाल्या. "बाहेरून दगड दिसतो. हात लावला की साखर."

त्या ज्यू नव्हत्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या कॅथलिक होत्या. पण शनिवारी फाटक उघडत नसत. "शनिवारी त्यांची सुट्टी. माझीपण." इतर दिवशी त्यांची तिथे कोणाशी ना कोणाशी लढाई चालू असे. ससे वाळूत बिळं करत आणि मागच्या ओळीतली जमीन आतून पोकळ होई. त्या बिळांच्या तोंडाशी फांद्या रोवत, ससे दुसरीकडून उकरत. खेमेंते, म्हणजे तिथली नगरपालिका, वर्षातून दोनदा गवत कापायला माणूस पाठवी. त्याच्या हातातल्या यंत्राची दोरी दगडांच्या बुडाला लागून कपचे उडत. तोसबाई त्याच्या पुढे पुढे चालत आणि प्रत्येक दगडाभोवतीचं गवत आधी हाताने उपटत, म्हणजे त्याला तिथे यंत्र न्यायचं कारण राहू नये. तो बिचारा म्हणायचा, "बाई, मग मला बोलावता कशाला?" त्या म्हणायच्या, "तुला मी बोलावत नाही. तुला कागद बोलावतो."

एकदा सकाळी एक दगड आडवा पडलेला सापडला. मी लगेच म्हटलं, कुणीतरी मुद्दाम पाडलाय, पोलिसांना सांगू. मला तेव्हा सगळ्याची लगेच खात्री पटत असे. तोसबाई दगडाभोवती एक फेरी मारून आल्या. "मी आधी वाऱ्याला विचारते," म्हणाल्या. "वाऱ्यावर रागावणं मला परवडतं. माणसांवर रागवायचं म्हटलं तर गावात राहता येणार नाही." दगड आम्हा दोघींना उचलला गेला नाही. मंदारने शनिवारी येतो म्हटलं. शनिवारी त्यांनी येऊ दिलं नाही. रविवारी त्याला ईराला पोहायला न्यायचं होतं. मी परत निघाले तेव्हाही तो आडवाच होता आणि त्यावर शेवाळ धरायला लागलं होतं.

चावीचा इतिहास त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितला, शेंगा सोलता सोलता. गावात एक ज्यू खाटीक होता. त्याचं घर तोसबाईंच्या वडिलांच्या गोठ्याला लागून. दफनभूमीची चावी त्या खाटकाकडे असे. युद्धात त्या कुटुंबाला निघायचा हुकूम आला, तेव्हा तो माणूस संध्याकाळी गोठ्यात आला आणि चावी तोसबाईंच्या वडिलांच्या हातात ठेवून म्हणाला, आम्ही परत येईपर्यंत धर. वडिलांनी धरली. ते गेल्यावर तोसबाईंनी धरली. कुणी त्यांना चावीची मालकीण म्हटलं की त्या चटकन दुरुस्त करत, "माझी नाही. मी धरून ठेवलीये."

त्या खाटकाची मुलगी हेनी. तोसबाईंहून वर्षाने मोठी. युद्धानंतर कुठेतरी लपून वाचलेला तिचा एक काका आला. आजी युद्धाच्या आधीच वारली होती, तिचा दगड तिथे होता. त्या दगडाच्या तळाशी त्याने चौघांची नावं कोरून घेतली. मुलगा, सून, नातू, नात. मग तो समुद्रापार कुठेतरी निघून गेला आणि पुन्हा आला नाही. "आजी इथे खाली आहे," तोसबाई जमिनीकडे बोट दाखवत म्हणाल्या. मग बोट वर घेऊन शेवटच्या ओळीवर ठेवलं. "हेनी फक्त इथे आहे." ॲमस्टरडॅमला एक भिंत आहे, तिथे नेलेल्या कुटुंबांची आडनावं कोरलीयेत, हे मंदारने एकदा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, मी जाऊन आले. चांगली भिंत आहे. पण तिथे ती अनोळखी लोकांत आहे. इथे आजीजवळ आहे."

हेनीची त्यांना फार आठवण होती असं नाही. सहा-सात वर्षांच्या पोरीला आठवून आठवणार किती? तिचा एक दात पुढे होता. तिला बैल कापतात ते बघायला मुळीच आवडायचं नाही, खाटकाची मुलगी असून. आणि दर शुक्रवारी दुपारी, शनिवारच्या सणाआधी, तिची आई गरम पाण्याची बादली आणि खरखरीत फडकं घेऊन तिला धुवायला बसायची. हेनी पळून यायची ती थेट तोसबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. आई हाका मारत गोठ्यापाशी यायची. तोसबाई दारात उभ्या राहून सांगायच्या, इथे नाहीये.

"दर शुक्रवारी मी तिला लपवलं," त्या म्हणाल्या आणि शेंगांचं पातेलं जवळ ओढलं.

आता इथे एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. मी विचारलं, "मग त्या वेळी का नाही लपवलंत? तुमच्या एवढ्या मोठ्या गोठ्यात?" मी पुण्यात आरामखुर्चीत बसून युद्धावरची पुस्तकं वाचलेली बाई. माझ्या मते असल्या गोष्टी सोप्या असतात.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "हेच मी बाबांना विचारलं होतं. मोठी झाल्यावर, एकदाच. ते उठले आणि गाईंकडे गेले. जेवायला आले नाहीत." आणखी चार शेंगा सोलल्या. "घरात आम्ही सात जणं होतो, सुमा. दारात सैनिक उभे होते. हे सगळं मला समजतं. समजून काही होत नाही."

विषय बदलावा म्हणून मी आमच्याकडचं सांगायला लागले. आम्ही जाळतो, अस्थी नदीत सोडतो, श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतो, त्यामागची सुटतात. त्यांना हे भारी चमत्कारिक वाटलं.

"मग भेटायला कुठे जाता?"

"कुठेच नाही. पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवतो."

"आणि कावळा आला नाही तर?"

"थांबतो."

"किती वेळ?"

"येईपर्यंत."

त्या बराच वेळ हसत होत्या. "म्हणजे तुम्हीपण तेच करता," म्हणाल्या. मग आपल्या चर्चमागच्या जागेबद्दल सांगितलं. तिकडे जागा भाड्याने मिळते, वीस वर्षांनी कुणी मुदत वाढवली नाही तर दगड काढून टाकतात आणि दुसरा माणूस येतो. ज्यूंच्या जमिनीला मात्र हात लावायचा नाही, ती कायमची. "मी भाडेकरू, ते मालक. मला भाचे सहा. त्यांना कोणी नाही. देवाने जरा उलटसुलट वाटलंय."

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या खुब्याचं हाड बदलायचं ठरलं. हॉस्पिटलात जायच्या आदल्या रात्री मोठं वादळ झालं. सकाळी गाडी दारात उभी असताना त्यांनी कुंपणावरून चावी माझ्या हातात दिली. मला वाटतं, त्या चावीला त्यांच्या घराबाहेरचा हात तेव्हा पहिल्यांदा लागला. "झाड पडलंय का, एवढंच बघ. हात लावू नकोस."

'हात लावू नकोस' हे मला उद्देशून नसतं, असा माझा जन्माचा समज आहे.

झाड पडलं नव्हतं, नुसत्या फांद्या. पण एकटीने आत उभी राहिले आणि मला ते हिरवट काळे दगड बघवेनात. आमच्याकडे दिवाळीआधी पितळेची भांडी चिंचेने घासून काढतात, मी ती घासण्यात कायम पहिली. मनात आलं, या बिचाऱ्या परत येतील तेव्हा सगळं कसं लख्ख दिसेल. सुपरमार्केटात साफसफाईचं व्हिनेगर मिळतं, ते आणलं. दोन दिवस खपले. तीन-चार दगड झाले. त्यातला हेनीच्या आजीचा मी सगळ्यात जास्त घासला. प्रेमाने.

दुसऱ्या दिवशी दगड वाळला तेव्हा मी बघायला गेले. लोण्यासारखा पिवळा झाला होता. वरची अक्षरं खोल होती, ती राहिली होती. खालच्या नावांच्या कडा विरल्या होत्या. आणि शेवटची ओळ जिथे होती तिथे दगड गुळगुळीत होता. ती ओळ मला पाठ होती, डच नावं वाचायला मी तिथेच शिकले होते. मी उजेड दुसरीकडून पडावा म्हणून छत्री धरली, बोट फिरवलं, ओलं करून बघितलं. मग खाली बसून बादलीत उरलेल्या पाण्यात बघत राहिले. तळाशी थोडा पिवळा गाळ होता.

हॉस्पिटलात गेले. आधी गोट्यांचं सांगितलं. ते गोटे त्याच ठेवत असत, एकट्या जात तेव्हा. नात त्या गोट्यांवर सागरगोटे खेळते म्हटल्यावर त्या पलंगाचा कठडा धरून हसल्या, टाके दुखतात म्हणून कण्हल्या आणि पुन्हा हसल्या. "जिंकलं कोण?" म्हणून विचारलं. मग मी व्हिनेगरचं सांगितलं, शेवटच्या ओळीचं सांगितलं. विज्ञान शिकवायचे हेही सांगितलं, का ते देव जाणे.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "या, या," म्हणाल्या. त्यांच्या भाषेत याचा अर्थ नुसता 'हो, हो', आणि त्या तो पावसापासून मरणापर्यंत सगळ्याला वापरत. मग म्हणाल्या, "कॉफी कुठे मिळते बघ. इथली पाण्यासारखी आहे."

बस्स.

मी गप्प बसणारी नव्हे. मंदारला कामाला लावलं. त्याने इकडेतिकडे मेल केले, आणि देशभरातल्या जुन्या ज्यू दफनभूमी बघणारे एक गृहस्थ ॲमस्टरडॅमहून पुढच्या उन्हाळ्यात आले. डोक्यावर टोपी, हातात लाकडी पट्टी आणि मऊ ब्रश. गुडघ्यावर बसून त्यांनी दगड अगदी जवळून पाहिला, डॉक्टर पाहतात तसा. मला ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते नुसते दमलेले दिसत होते.

"पुन्हा कोरता नाही येणार?" मी विचारलं.

"आत सगळी साखर आहे. छिन्नी लावली तर उरलेली तीन नावंही खाली येतील."

"मग नवा दगड? शेजारी लहानशी पाटी?"

"पाटीला कुटुंबाची परवानगी लागते. कुटुंब कुठे आहे?"

"दगडावर," तोसबाई काठीला टेकून म्हणाल्या.

ते गृहस्थ उठले, गुडघे झाडले. त्या काकाच्या मागे कोणी आहे का, ते शोधायचं कबूल केलं. पण आवाजात जोर नव्हता. "आठवड्यात मी चार गावं करतो. सगळीकडे एक तोस असते, ऐंशीच्या आसपासची. तिच्यानंतर कोण, हे विचारायचं मी सोडून दिलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही केलं नसतं तर पावसाने केलं असतं. दहा-पंधरा वर्षांत." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मी घरी येऊन त्या दहा-पंधरा वर्षांचा विचार करत बसले. तेवढी वर्षं तोसबाईंना पुरली असती.

त्यानंतर कितीतरी उन्हाळे आम्ही दोघी तिथे गेलो. दोनदा चावी वाजवायची, थांबायचं, आत जायचं. त्यांनी मला कोरडा मऊ ब्रश धरायला शिकवलं आणि एका दगडावर माझा हात दहा मिनिटांहून जास्त राहिला की काठीने बुटावर टोचत. निघताना त्या आजीच्या दगडापाशी वाकत, माथ्यावर एक गोटा ठेवत आणि शेवटच्या ओळीच्या जागेवरून अंगठा फिरवत. मी दरवेळी वाट बघायची, आज बोलतील. मला बोलणी खायची होती. शाळेत मी जी पोरं तासभर उभी केली, त्यांच्या मनात काय चालत असेल ते मला त्या वर्षांत कळलं. एकदा न राहवून म्हणालेच, "तोस, मला एकदा काय ते बोलून टाक." त्या म्हणाल्या, "काय बोलू? फाटक लाव. ससे येतात."

मग करोनाची दोन वर्षं मला जाता आलं नाही. गेले तेव्हा कुंपणापलीकडे नवीन माणसं राहत होती, ट्रॅम्पोलिन लावलेलं होतं. तोसबाई वृद्धाश्रमात. दुसऱ्या एका गावात, बसने अर्धा तास. चावी भाच्यांपैकी कुणालाच नको होती, म्हणून ती खेमेंतेत जमा केली होती. आता आत जायचं तर आठवडाभर आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, आणि जो पोरगा चावी घेऊन येतो तो मोबाइल बघत फाटकाशी उभा राहतो. मी एकदा गेले. ससे मागच्या दोन ओळींखालून फिरून गेले होते. आडवा पडलेला तो दगड आता शेवाळातून ओळखू येत नव्हता. मी ब्रश घेऊन गेले होते, पण कशाला लावावा ते कळेना. परत निघताना पोराकडून चावी मागून फाटकावर दोनदा वाजवली. तो म्हणाला, "उघडंच आहे की."

त्यांना भेटायला मी बसने जायची. अंगाने चिमणीएवढ्या झाल्या होत्या. कधी ओळखत, कधी नुसतं बघत. मी कुरडया तळून नेई. त्या त्यातली हवा खात. दफनभूमीची विचारपूस त्या करत नसत. मी आपणच सांगे, सगळं ठीक आहे. इतकं खोटं मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन. त्या म्हणत, "या, या."

शेवटचं भेटले तेव्हा माझे तीन महिने संपत आले होते, दोन दिवसांनी विमान. पुढच्या उन्हाळ्यात त्या असणार नाहीत हे आम्हा दोघींना दिसत होतं. त्या हिवाळ्यातच गेल्या, मंदारने फोनवर कळवलं. चर्चमागच्या भाड्याच्या जागेत आहेत, वीस वर्षांची मुदत. मी आत्ता चौऱ्याहत्तरची आहे, ती वाढवायला मी काही नसणार.

त्या दुपारी मी शेजारी बसले होते. वृद्धाश्रमातली एक मुलगी जेवणाआधी त्यांचं तोंड पुसायला आली, प्लास्टिकच्या लहान बादलीत कोमट पाणी आणि फडकं घेऊन. तोसबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मुलगी म्हणाली, चला आजी, एका मिनिटात होतं. त्यांनी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि बादली टेबलावर ठेवून दुसऱ्या खोलीत गेली, मग येते म्हणाली.

ती गेल्यावर पांघरूण थोडं खाली आलं. त्यांनी आधी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे अगदी स्वच्छ होते. दहा वर्षं मी ज्या बोलण्याची वाट बघत होते ते त्या बोलल्या, हळूच, दाराकडे लक्ष ठेवून. शब्द त्यांच्या गावाकडच्या डचमधले होते, मला ते तसेच्या तसे आठवतात. मराठीत असे होतात:

"तू बादली घेऊन आलीस ना, सुमा, म्हणून ती पळाली. कोंबड्यांच्या खुराड्यात बघ. आणि तिच्या आईला सांगू नकोस."